बक्षिसाचे पत्र: टाऊन हॉलच्या सोडतीपासून व्हॉट्सअ‍ॅपवरील पंचवीस लाखांपर्यंत

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा रिक्षा चालवतात. एकदा असरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर त्यांनी मला थांबवले आणि मोबाइल पुढे केला. “बेटा, ये सच्ची है क्या, देख जरा.” स्क्रीनवर अमिताभ बच्चन यांचा फोटो होता. खाली गोल शिक्का, लॉटरी नंबर आणि २५ लाखांचा आकडा. सोबत कोणाचा तरी आवाज, अगदी अदबीने बोलणारा.

मी हसलो. “चाचा, ये सब फ्रॉड है. आप भी ना!” तेही हसले, मोबाइल खिशात टाकला आणि निघून गेले.

आठ महिन्यांनी चाचींकडून कळले की त्या संध्याकाळी चाचांनी मला विचारले, तेव्हा त्यांचे दोन हप्ते जाऊन चुकले होते. ते मेसेज खरा की खोटा हे विचारत नव्हते. अडकलोय, आता काय करू, हे विचारायचे होते. मी हसल्यावर ते तोंड उघडू शकले नाहीत. त्यानंतर त्यांनी तिसरा हप्ताही भरला. तो मुलीच्या लग्नासाठी लावलेल्या भिशीतून.

शहाणासुरता, उभे आयुष्य हिशेबाने काढलेला माणूस अशा मेसेजवर विश्वास कसा ठेवतो? ‘लोभ’ असे एका शब्दात उत्तर देऊन आपण मोकळे होतो. मला ते उत्तर अपुरे वाटते. बक्षिसाचे पत्र दरवेळी खोटेच नव्हते, हे त्यामागचे मोठे कारण आहे. दोनशे वर्षांत सरकारने, प्रतिष्ठित संस्थांनी आणि वर्तमानपत्रांनी खरोखर बक्षिसे वाटली. त्या खऱ्या बक्षिसांनी जो विश्वास कमावला, तो ठगांनी उचलला. म्हणून खोटे बक्षीस ओळखायचे असेल तर आधी खऱ्या बक्षिसाचा इतिहास पाहायला हवा.

सोडतीच्या पैशांचा टाऊन हॉल

मुंबईच्या फोर्ट भागात एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची इमारत आहे. रुंद पायऱ्या आणि उंच खांब असलेला हा जुना टाऊन हॉल. त्याची कल्पना सर जेम्स मॅकिन्टॉश यांची. ते मुंबईत रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश होते. १८०४ साली त्यांनीच मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन केली होती. टाऊन हॉलसाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आला तेव्हा लॉटरी काढण्यात आली. तो पैसा पुरला नाही. बांधकाम रखडले आणि शेवटी सरकारने खर्च उचलून १८३३ साली इमारत पूर्ण केली. कलकत्त्याच्या टाऊन हॉललाही लॉटरीचाच पैसा लागला. तिथे तर १८१७ साली लॉटरी कमिटी नेमून शहराचे रस्ते आणि तलाव त्या उत्पन्नातून करण्यात आले.

म्हणजे ज्या पायऱ्यांवर बसून आपल्या कित्येक पिढ्यांनी पुस्तके वाचली, त्यांच्या पायात सोडतीचा पैसा आहे. पण सरकार लॉटरी काढते म्हटल्यावर खासगी मंडळींनीही दुकाने मांडली. १८७० साली भारतीय दंड संहितेत कलम २९४-अ घालावे लागले. सरकारी परवानगी नसलेल्या लॉटरीसाठी जागा चालवणे हा गुन्हा ठरला. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे. खरी लॉटरी आणि तिची नक्कल यांचे नाते इतके जुने आहे.

उंटाचे मांस आणि रुग्णालयाची खाट

बक्षिसाच्या खेळाला पुण्याचा मुलामा द्यायची रीत त्याहूनही जुनी. इस्लामपूर्व अरबस्तानात ‘मैसिर’ नावाचा खेळ होता. उंट कापून त्याचे वाटे केले जात आणि थैलीतून बाण काढले जात. दहा बाणांपैकी सात हिश्शाचे आणि तीन कोरे. कोरा बाण निघालेल्यांनी उंटाची किंमत चुकवायची. जिंकणारे आपल्या वाट्याचे मांस गोरगरिबांना वाटत आणि त्यात मोठेपणा मानत. कुरआनने मैसिरला मनाई करताना त्यात लोकांना काही फायदा आहे हेही नाकारले नाही. त्याचे नुकसान फायद्याहून मोठे आहे, एवढे बजावले. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. दानधर्म दिसतो म्हणून खेळ स्वच्छ होत नाही, हे चौदाशे वर्षांपूर्वी सांगून झाले होते.

विसाव्या शतकातले याचे ठळक उदाहरण आयर्लंडचे आहे. तिथली रुग्णालये पैशाअभावी अडचणीत होती, म्हणून १९३० साली कायदा करून ‘आयरिश हॉस्पिटल्स स्वीपस्टेक’ सुरू झाली. स्वीपस्टेक म्हणजे सगळ्यांनी लावलेली रक्कम एकत्र करायची आणि ती जिंकणाऱ्यांनी झाडून न्यायची. सोडतीत निघालेली तिकिटे घोड्यांच्या शर्यतीला जोडलेली असत. आपल्याकडे कलकत्त्याच्या टर्फ क्लबची इंग्लंडच्या डर्बी शर्यतीवरची ‘कलकत्ता स्वीप’ त्याआधीच जगभर गाजलेली होती. आयर्लंडमध्ये मोठमोठ्या पिंपांतून तिकिटे काढायला गणवेशातल्या परिचारिका उभ्या केल्या जात. फोटो पाहणाऱ्याला हा जुगार आहे असे वाटूच नये!

ब्रिटन आणि अमेरिकेत ही तिकिटे विकणे बेकायदा होते, तरी ती चोरवाटेने तिथे जात. खरे तिकीट चोरूनच मिळते म्हटल्यावर बनावट तिकीट छापणाऱ्याचे फावले. घेणारा तक्रार कुठे करणार? त्याने स्वतःच कायदा मोडलेला. रुग्णालयांना पैसा मिळाला, पण एकूण तिकीट विक्रीच्या मानाने तो लहान हिस्सा होता. चालकांनी मात्र अफाट संपत्ती जमवली. १९८७ साली हा सगळा कारभार बंद पडला.

शब्दकोड्यांचे दिवस

आता आपल्या मुंबई राज्याकडे येऊ. स्वातंत्र्याच्या आगेमागे शब्दकोड्यांच्या स्पर्धांचे पीक आले होते. कोडे वर्तमानपत्रात छापायचे, उत्तरासोबत प्रवेश फी मागवायची आणि गोळा झालेल्या रकमेतून मोठे बक्षीस द्यायचे. सरकारने १९४८ साली लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. पण परराज्यात छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांतल्या स्पर्धा त्यातून सुटत होत्या. १९५२ साली दुरुस्ती करून त्याही कायद्याखाली आणल्या गेल्या.

याच दुरुस्तीवरून एक खटला उभा राहिला. आर. एम. डी. चामरबागवाला यांची कंपनी म्हैसूर राज्यातली, त्यांचे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक बेंगळुरूत छापले जाई, आणि त्यातल्या कोड्यांचे पुष्कळ स्पर्धक मुंबई राज्यातले. मुंबई उच्च न्यायालयात कंपनी जिंकली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या घटनापीठाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

या निकालातली कोड्याची चिकित्सा वाचण्यासारखी आहे. एका रकान्यात दोन शब्द सारखेच चपखल बसतात. त्यातला ‘बरोबर’ कोणता, हे भाषेचे ज्ञान ठरवत नाही, संयोजकांची निवड ठरवते. मग स्पर्धक डोके चालवत नाही, नशीब अजमावतो. न्यायालयाने ऋग्वेद, महाभारत आणि स्मृतिग्रंथांपर्यंत मागे जाऊन सांगितले की जुगाराला या भूमीत प्रतिष्ठा नव्हती, आणि जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही.

हे लोक ठग नव्हते, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. ते बक्षिसे देत होते. पण हुशारीच्या स्पर्धेचा वेश घालून नशिबाचा खेळ चालू शकतो, हे या खटल्याने दाखवून दिले. दरम्यान केंद्राने १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा केला होता. महिन्याला एकूण बक्षीस १,००० रुपयांपेक्षा जास्त नको आणि प्रवेशिका २,००० पेक्षा जास्त नकोत. एवढ्या मर्यादेत मोठा धंदा होणे शक्यच नव्हते.

भिशी आणि लकी ड्रॉ

साठच्या दशकात मुंबईत मटका फोफावला. लोकांचा पैसा बेकायदा जुगाराकडे जाऊ नये, या भूमिकेतून १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. केरळने हे दोन वर्षे आधीच केले होते. लॉटरीवर राज्याचा शिक्का आला आणि ती घराघरांत पोचली. जुगार म्हणून ती आपल्याला पटो न पटो, तिची शिस्त समजून घ्यायला हवी. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने ती स्पष्ट केली आहे: तिकिटावर राज्याचे नाव आणि बोधचिन्ह हवे, सोडत राज्य सरकारने स्वतः आपल्या हद्दीत काढायची, आणि न नेलेले बक्षीस सरकारजमा होणार.

सत्तरच्या दशकात आणखी एक प्रकार वाढला, बक्षीस चिटचा. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने १९७५ साली त्यावर बंदीची शिफारस केली आणि १९७८ साली बंदीचा कायदा झाला. तरीही तालुक्याच्या गावात, आपल्या मोहल्ल्यांत हा प्रकार आजही दिसतो. दरमहा ठरावीक हप्ता भरायचा. दर महिन्याला चिठ्ठी काढायची. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला मोटारसायकल आणि पुढचे हप्ते माफ. बाकीच्यांना शेवटी भरलेली रक्कम किंवा एखादी वस्तू.

लोक याला ‘भिशीच आहे’ म्हणतात. ती भिशी नव्हे. आपल्या बायाबापड्यांच्या भिशीत प्रत्येकीची पाळी येते आणि प्रत्येकीला तेवढीच रक्कम मिळते. लकी ड्रॉत पहिल्या महिन्यात सुटलेल्याची मोटारसायकल उरलेल्यांच्या हप्त्यांतून येते. नवे हप्ते थांबले की चालकाकडे द्यायला काही उरत नाही.

पैशाची दिशा बदलते तेव्हा

आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे. टाऊन हॉलची लॉटरी असो, कोडे असो की राज्य लॉटरी, माणूस आधी तिकीट घेतो, मग सोडत होते, मग बक्षीस त्याच्याकडे येते. जिंकल्यानंतर तो पुन्हा पैसे भरत नाही.

दुसरी एक परंपरा या सगळ्याशी समांतर चालत आली आहे. तिथे आधी ‘तुम्हाला मिळाले’ असे कळवतात आणि मग पैसे मागतात. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात तुरुंगातले कैदी श्रीमंतांना पत्रे लिहीत. पळून जाताना मालकाची रत्ने अमुक ठिकाणी पुरली आहेत, थोडी मदत केलीत तर जागा सांगतो. स्वतः गुन्हेगार राहिलेला आणि नंतर पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झालेला विदॉक याने या पत्रांविषयी लिहून ठेवले आहे. पुढे यालाच ‘स्पॅनिश कैद्याचे पत्र’ हे नाव पडले. १८९८ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने बातमी छापली ती जुनी फसवणूक पुन्हा सुरू झाल्याची. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही ती जुनीच होती!

पुढे कैद्याच्या जागी लॉटरी आली. ई-मेलच्या काळात ‘तुमच्या ई-मेल पत्त्याला परदेशी लॉटरी लागली’ अशी पत्रे फिरू लागली. १८१२ पासून चालत आलेल्या स्पेनच्या सरकारी लॉटरीचे नावही त्यात वापरले गेले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्याच नावाने खोटी पत्रे निघाली, तेव्हा बँकेला वारंवार सूचना काढून सांगावे लागले की आम्ही कोणाला बक्षिसाची रक्कम देत नाही. परकीय चलनाच्या नियमांनुसार लॉटरीचे तिकीट किंवा स्वीपस्टेकसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायलाच मनाई आहे. म्हणजे न घेतलेल्या तिकिटाचे बक्षीस सोडवण्यासाठी पैसे पाठवणारा स्वतः नियम मोडतो, आणि मग आयर्लंडच्या बनावट तिकिटवाल्यासारखा गप्प बसतो.

त्यानंतर आले व्हॉट्सअ‍ॅप आणि ‘केबीसी’चे २५ लाख. दिल्ली पोलिसांनी याबाबत लोकांना सावध केले तेव्हा बरेच नंबर ‘+९२’ने, म्हणजे पाकिस्तानच्या कोडने सुरू होणारे असल्याचे सांगितले होते. १९५२ च्या आधी राज्याची हद्द ओलांडली की कायदा पोचत नव्हता. आता देशाची हद्द आडवी येते. पैसे मात्र आपल्याच देशातल्या कोणाच्या तरी खात्यात जातात. अनेकदा ते खाते दोन-चार हजारांच्या भाड्यावर दिलेले असते. आपल्या तरुण पोरांना हे बजावून सांगायला हवे. पोलिसांचा माग पहिल्यांदा त्या खातेदाराच्या दारात येतो.

ओळखायचे कसे?

इतिहासातून हाती लागणारे चार प्रश्न आहेत. ते कागदावर लिहून घरात लावले तरी चालतील.

पहिला प्रश्न, तिकीट कुठे आहे? जी सोडत तुम्ही खेळलाच नाहीत, ती तुम्हाला लागत नाही. मोबाइल नंबराला किंवा सिमकार्डाला लॉटरी लागत नसते.

दुसरा, पैसा कोणत्या दिशेला वाहतो आहे? प्रोसेसिंग फी, जीएसटी, खाते उघडण्याचा खर्च, चलन बदलण्याचा खर्च, नाव काहीही असो. खऱ्या रोख बक्षिसावरचा आयकर देणारा आधीच कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर आधी भरावा लागू शकतो, ठग नेमका याचाच फायदा घेतात. पण तो करही तुमच्या पॅन क्रमांकावर सरकारी तिजोरीत जातो. कोण्या ‘मॅनेजर साहेबां’च्या खात्यात किंवा यूपीआयवर कधीच जात नाही.

तिसरा, हे बक्षीस कोणाच्या पैशातून येते? याचे सरळ उत्तर मिळत नसेल तर ते तुमच्याच पैशातून येणार आहे, किंवा येणारच नाही.

चौथा, घाई आणि गुपित कशासाठी? ‘आज रात्री बारापर्यंत’, ‘कोणाला सांगू नका, नंबर रद्द होईल’. राज्य लॉटरीचा निकाल जाहीर छापला जातो. गुपचूप फक्त ठगाला हवे असते.

आपल्या समाजासाठी एक जास्तीची गोष्ट. ‘मोफत उमराहचा लकी ड्रॉ लागला, व्हिसाचे तेवढे भरा’ असा मेसेज आला की दीनदार माणूसही विरघळतो. हजचा कुर्रा आपण पाहिलेला असतो, म्हणून हे खरे वाटते. पण कुर्रा म्हणजे बक्षीस नव्हे. जागांपेक्षा अर्ज जास्त असतात, म्हणून हज कमिटी नावे काढते. नाव निघाले तरी खर्च स्वतःचाच असतो, आणि ज्याचे नाव निघाले नाही त्याच्या पैशावर दुसरा कोणी हज करत नाही. ज्या पवित्र गोष्टीवर आपला भरवसा, तिचेच नाव ठग घेतो. मॅकिन्टॉशच्या काळात टाऊन हॉल होता, आयर्लंडमध्ये परिचारिका होत्या, आता काबागृहाचा फोटो आहे.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी बँक ती गोठवू शकते. म्हणून पहिले काही तास मोलाचे. ‘बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी लागेल’ असे सांगणारा फोन नंतर आला तर तो त्याच माळेचा मणी समजावा.

हे सगळे तेव्हा मला माहीत असते तर चाचांचा तिसरा हप्ता वाचला असता का? माहिती तर मला तेव्हाही होती. फ्रॉड आहे, हे मी एका क्षणात ओळखले होते. चुकले ते माझे हसणे. विदॉकच्या काळापासून या धंद्याचे भांडवल एकच राहिले आहे, फसलेल्या माणसाची लाज. तो बोलत नाही, म्हणून पुढचा फसतो. त्याच्या गप्प बसण्याला आपण, त्याच्या जवळची माणसे, हातभार लावतो.

गेल्या वर्षी आणखी एका खालांनी मला असाच मेसेज दाखवला. या वेळी मी आधी विचारले, “खाला, पैसे भेजे तो नहीं ना अब तक?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एकच बार, बेटा. आज सुबहच.” आम्ही तिथूनच १९३० ला फोन लावला.